पुण्याहून श्रीहरिकोट्याला: रॉकेटचं उड्डाण बघायला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

श्रीहरिकोट्याहून होणारं उड्डाण कुणालाही गॅलरीत बसून बघता येतं. पास मोफत असतो, इस्रोमध्ये कुणाची ओळख लागत नाही आणि शाळेत विज्ञान नावडतं होतं म्हणून काही अडत नाही. तरीही पुण्यातून जाणारे कितीतरी जण पहिल्या खेपेला उड्डाण न बघताच परत येतात, कारण लग्नाला निघावं तसे ते तारीख धरून निघतात आणि संध्याकाळच्या परतीच्या गाडीचं तिकीट खिशात ठेवतात. लग्नाचा मुहूर्त सहसा टळत नाही. उड्डाणाचा टळतो, आणि तो टाळणं हे तिथल्या कामाचाच भाग आहे. सगळा बेत हे गृहीत धरून आखलात, तर बाकी काही अवघड नाही.

मी आधी एकटी आणि मग घरच्यांना घेऊन जाऊन आले आहे. सोसायटीतले, ऑफिसातले लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

१. कुठलं उड्डाण बघायचं ते ठरवा

‘इस्रोची नवी मोहीम’ एवढी बातमी वाचून रजा टाकू नका. यान कुठून उडणार आणि कुठल्या रॉकेटवर, हे आधी बघा. इस्रोचा उपग्रह म्हणजे श्रीहरिकोटाच, असं नसतं. जीसॅट-एन२ हा आपला उपग्रह १९ नोव्हेंबर २०२४ ला अमेरिकेतल्या केप कॅनाव्हरलहून फाल्कन-९ या अमेरिकी रॉकेटवर गेला. जपानबरोबरची ल्युपेक्स ही चंद्रमोहीम जपानच्या एच-३ रॉकेटवर आखलेली आहे. धावपट्टीवर उतरणाऱ्या आरएलव्ही यानाच्या चाचण्या कर्नाटकात चित्रदुर्गजवळ झाल्या आणि इंजिनांच्या मोठ्या चाचण्या तमिळनाडूत महेंद्रगिरीला होतात. या सगळ्यांच्या बातम्या एकाच सुरात येतात, त्यामुळे नवख्या माणसाचा गोंधळ होतो.

रॉकेटचं नाव वाचायला शिका. पीएसएलव्ही, जीएसएलव्ही, एलव्हीएम३ आणि एसएसएलव्ही ही इस्रोची रॉकेटं. पीएसएलव्हीच्या पुढे ‘सी’ आणि आकडा असतो, जीएसएलव्हीच्या पुढे ‘एफ’, एलव्हीएम३ च्या पुढे ‘एम’. ‘डी’ दिसलं तर ते विकासाच्या टप्प्यातलं, म्हणजे चाचणीचं उड्डाण. एसएसएलव्हीची पहिली उड्डाणं डी१, डी२, डी३ होती, आणि गगनयानच्या सुटका यंत्रणेची चाचणी टीव्ही-डी१ होती. पीएसएलव्ही ४४ मीटर उंच आणि सुमारे ३२० टनांचं असतं. एलव्हीएम३ उंचीला जवळपास तेवढंच, पण वजनाला ६४० टन, म्हणजे दुप्पट. एसएसएलव्ही ३४ मीटर आणि सुमारे १२० टन. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी एलव्हीएम३ किंवा पीएसएलव्ही सुचवते, तेही उजेडातलं. रात्रीचं उड्डाण फार देखणं असतं, पण त्यात रॉकेटचा आकार दिसत नाही, फक्त ज्वाला दिसते.

हौसेपलीकडे जाऊन ‘आज नक्की काय तपासलं जाणार आहे’ हे कळून घेतलंत, तर उड्डाण दुपटीने समजतं. संशोधनाच्या मोहिमा बघायच्या तर पुण्याचा त्यांच्याशी जुना संबंध आहे. २८ सप्टेंबर २०१५ ला गेलेल्या ॲस्ट्रोसॅट या अवकाश वेधशाळेच्या कामात आपली आयुका ही खगोलसंशोधन संस्था होती. २ सप्टेंबर २०२३ ला सकाळी ११.५० ला पीएसएलव्ही-सी५७ वर निघालेल्या आदित्य-एल१ वरची सूट ही सूर्याची अतिनील छायाचित्रं घेणारी दुर्बीण आयुकात तयार झाली. सीओईपी या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला स्वयम् हा जेमतेम एक किलोचा उपग्रह २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ वर गेला. पुणे जिल्ह्यातच, इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटांच्या मोटारींचे, म्हणजे घन इंधन जळतं त्या भागांचे, अवाढव्य सांगाडे बनतात. मुलांना घेऊन जाणार असाल तर हे आधी सांगा. ‘आपल्या इथलं काहीतरी त्यात आहे’ हे कळल्यावर पोरं जास्त नीट बघतात.

तंत्रज्ञानाच्या चाचण्या हा वेगळा प्रकार आहे आणि मला तोच जास्त आवडतो. ३० डिसेंबर २०२४ च्या पीएसएलव्ही-सी६० वर स्पेडेक्सचे दोन छोटे उपग्रह गेले आणि १६ जानेवारी २०२५ ला ते अवकाशात एकमेकांना जोडले गेले. चांद्रयान-४ ला मंजुरी मिळाली आहे, आणि चंद्रावरची माती आणायची तर अशी जोडणी जमायलाच हवी. त्याच रॉकेटचा चौथा टप्पा, म्हणजे इंजिनाचा सगळ्यात वरचा भाग, काम संपल्यावर टाकून न देता कक्षेतच प्रयोगशाळा म्हणून वापरला गेला. त्याला पोएम म्हणतात. त्या खेपेला त्यावर २४ उपकरणं होती आणि त्यांत पुण्याच्या एमआयटी विद्यापीठाचंही एक होतं. तेव्हा बातमीत मुख्य उपग्रहाचं नाव वाचून थांबू नका, सोबत काय काय चाललं आहे तेही बघा.

रोहिणी मालिकेतली छोटी संशोधन रॉकेटं केरळात थुंब्याहून उडतात, काही श्रीहरिकोट्याहूनही. वातावरणाच्या वरच्या थरांची मापं घेऊन ती काही मिनिटांत समुद्रात पडतात. २२ जुलै २०२४ ला अशाच आरएच-५६० रॉकेटला हवेतला ऑक्सिजन वापरणारं इंजिन जोडून श्रीहरिकोट्याला चाचणी झाली. विज्ञानाच्या दृष्टीने फार मोलाचं काम, पण प्रेक्षक म्हणून अशा उड्डाणांवर बेत आखू नका.

२. तारीख कशी वाचायची

खात्रीची तारीख इस्रोच्या संकेतस्थळावर आणि त्यांच्या अधिकृत समाजमाध्यम खात्यांवर येते. बहुतेक वेळा ती उड्डाणाच्या थोडेच दिवस आधी जाहीर होते. त्याआधी जे छापून येतं ते ‘अमुक महिन्यात’, ‘वर्षअखेरीस’ अशा स्वरूपाचं असतं. त्यावर विमानाचं तिकीट काढू नका. गगनयानच्या मानवरहित उड्डाणांचं, ज्यात व्योममित्र ही मानवी आकाराची यंत्रबाई बसवायची आहे, वेळापत्रक किती वेळा पुढे गेलं हे बातम्या वाचणाऱ्यांना माहीत आहे. माणूस बसवायचा असल्यावर घाई न केलेलीच बरी.

जाहीर होण्याआधी अंदाज हवा असेल तर नोटॅम बघतात. उड्डाणाच्या वेळी विमानांनी कुठल्या पट्ट्यातून जाऊ नये याची ती सूचना असते. जहाजांसाठीही तशीच सूचना निघते. हे बघताना दोन ठिकाणी लोक फसतात. एक म्हणजे नोटॅममध्ये अनेक दिवसांचा पट्टा दिलेला असतो. त्यातला पहिला दिवस म्हणजे उड्डाणाचा दिवस, असं धरू नका. दुसरं म्हणजे वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ मिळते, आणि तसं करताना तारीखही बदलू शकते. चांद्रयान-२ ची पहिली ठरलेली वेळ आपल्याकडे १५ जुलै २०१९ ची पहाटे २.५१ होती. यूटीसीप्रमाणे तीच वेळ १४ जुलैच्या रात्री ९.२१ होते. नुसती यूटीसीची तारीख वाचून निघालेला माणूस एक दिवस चुकतो.

परदेशी संकेतस्थळांवर तारखेआधी ‘एनईटी’ दिसतं. त्याचा अर्थ ‘याच्या आधी नाही’ एवढाच. ‘याच दिवशी’ असा त्याचा अर्थ कधीच घेऊ नका.

३. गॅलरीची नोंदणी

सतीश धवन अंतराळ केंद्राची प्रेक्षक गॅलरी १ एप्रिल २०१९ च्या पीएसएलव्ही-सी४५ उड्डाणाला पहिल्यांदा लोकांसाठी उघडली. ५००० जणांच्या बसण्याच्या हिशोबाने ती बांधली आहे. मोकळं मैदान समोर ठेवून स्टेडियमसारख्या पायऱ्या, आणि उड्डाणाची माहिती दाखवणारे मोठे पडदे. जवळच अवकाश संग्रहालय आहे आणि रॉकेटांच्या प्रतिकृती उभ्या केल्या आहेत.

नोंदणी फक्त ऑनलाइन, ‘एलव्हीजी डॉट शार डॉट गव्ह डॉट इन’ या पत्त्यावर. नोंदणी कधी सुरू होणार तो दिवस आणि वेळ इस्रो आधी सांगते. गाजलेल्या उड्डाणांच्या जागा बघता बघता संपतात, म्हणून हे आधी करून ठेवा:

सोबत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव ओळखपत्रावर जसं आहे तसं, वय आणि ओळखपत्राचा क्रमांक एका कागदावर लिहून ठेवा. मोबाइलला नेटवर्क नीट असेल अशा जागी बसा, कारण ओटीपी उशिरा आला की सगळं पुन्हा भरावं लागतं. घरातल्या दोघांनी दोन फोनवरून प्रयत्न करायला हरकत नाही, पण एकाच माणसाचं नाव दोन्हीकडे घालू नका. पास मिळाला की लगेच उतरवून घ्या आणि छापूनही ठेवा.

आधी रेल्वेचं तिकीट आणि मग पास, की उलट? मी आधी तिकीट काढते. पास मोफत आहे आणि जाणं नाही झालं तर नुकसान नाही, हे खरं. पण पास हातात येईपर्यंत रेल्वेची वेटिंग लिस्ट लांबलेली असते. तिकीट पुष्कळ आधी रद्द केलं तर कपात थोडी होते, गाडीची वेळ जवळ येईल तशी वाढत जाते. तो हिशोब डोक्यात ठेवून काढलेलं तिकीट महाग पडत नाही.

पासचे पैसे मागणारा कुणी भेटला तर त्याच्या वाटेला जाऊ नका. टूर कंपनीने ‘उड्डाणाची हमी’ दिली असेल, तर तिथेही तेच. ती हमी मोहिमेचे संचालकसुद्धा देत नाहीत.

४. पुण्याहून कसं जायचं

श्रीहरिकोटा हे आंध्र प्रदेशात, चेन्नईच्या उत्तरेला, पुलिकत सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्या मधलं लांबट बेट आहे. सगळ्यात जवळचं रेल्वे स्टेशन सुल्लुरपेटा. तिथून बेटापर्यंतचा रस्ता सरोवर ओलांडून जातो, अंतर साधारण अठरा-वीस किलोमीटर.

पुण्याहून जाणारे बहुतेक लोक सरळ चेन्नई गाठतात. विमानाने गेलात तर तेच बरोबर. रेल्वेने जात असाल तर नकाशा उघडून बघा. मुंबई-पुणे-सोलापूर-गुंटकल मार्गाने चेन्नईला जाणाऱ्या गाड्या वाटेत रेणिगुंट्याला थांबतात. तिथे उतरलात की श्रीकालहस्ती, नायडुपेटा करत सुल्लुरपेटा ऐंशी-नव्वद किलोमीटर राहतं. बस मिळतात, तिघे-चौघे असाल तर गाडी परवडते. चेन्नईपर्यंत जाऊन उलट उत्तरेला येण्याचा फेरा वाचतो. कोल्हापूर-सांगलीकडच्यांना तिरुपतीची हरिप्रिया एक्स्प्रेस सोयीची.

पुण्यात मध्यरात्रीच्या आसपास येणाऱ्या गाडीचं तिकीट काढताना तारीख दोनदा वाचा. रात्री बारानंतर सुटणारी गाडी म्हणजे पुढची तारीख. ‘शुक्रवारी रात्री जेवून निघू’ असा बेत असेल, तर तिकीट शनिवारचं लागतं.

चेन्नईहून जाणार असाल तर सेंट्रलला लागून असलेल्या मूर मार्केट कॉम्प्लेक्समधून उत्तरेकडच्या लोकल सुटतात. त्यातल्या पुष्कळ गुम्मिडिपूंडीलाच संपतात. पाटीवर सुल्लुरपेटा लिहिलेलीच गाडी धरा. प्रवास दोन-अडीच तासांचा. तुमची पुण्याची गाडी सेंट्रलला जाते की एग्मोरला, हेही तिकिटावर बघून घ्या, दोन्ही स्टेशनं वेगळी आहेत.

मराठी घरात तिरुपतीचा रस्ता निघाला की बालाजीचं दर्शन आलंच. जरूर करा, पण उड्डाणानंतर, आणि मध्ये मोकळा दिवस ठेवून. विशेष प्रवेश दर्शनाचं तिकीट कितीतरी आधी, ठरावीक तारखेचं आणि वेळेचं मिळतं. उड्डाण एक दिवस पुढे गेलं की नेमकी तीच वेळ आडवी येते, मग घरात दोन तट पडतात. वडीलधारी मंडळी सोबत असतील तर दर्शन आधी उरकून मग सुल्लुरपेट्याला येणं जास्त सोपं.

५. मुक्काम

सुल्लुरपेटा लहान गाव आहे. लॉज आहेत, पण मोजके, आणि उड्डाणाच्या आदल्या रात्री भरतात. नायडुपेटा, तिरुपती किंवा चेन्नई इथे राहून पहाटे निघता येतं. मात्र उड्डाण सकाळी लवकरचं असेल तर मुक्काम जवळच हवा. २९ जानेवारी २०२५ चं जीएसएलव्ही-एफ१५, श्रीहरिकोट्याचं शंभरावं उड्डाण, सकाळी ६.२३ ला झालं. अशा वेळी चेन्नईहून पहिली लोकल धरून काही उपयोग नाही. खोली घेताना एक रात्र जास्त मिळू शकेल का, हे आधीच विचारून ठेवा.

गावात तेलुगू आणि तमिळ दोन्ही चालतात, हिंदी कमी. ‘रॉकेट’, ‘शार’, ‘गॅलरी’ एवढ्या शब्दांवर रिक्षावाल्यांशी काम भागतं. इस्रोला तिथे सगळे शार म्हणतात. सकाळी इडली, पोंगल, दुपारी भात. पोळीची अपेक्षा ठेवू नका, मुलांसाठी घरून दशम्या नाहीतर गूळपोळ्या बांधून न्या.

६. कागदपत्रं आणि सामान

- नोंदणीत जे ओळखपत्र दिलं त्याचीच मूळ प्रत. आधार दिलं असेल तर आधार, गाडीचा परवाना दाखवून वाद घालत बसू नका.
- मुलांची ओळखपत्रंही मूळ.
- छापलेला पास. फोनची बॅटरी संपली तर तोच कामी येतो.
- टोपी, पाण्याची बाटली, ओआरएसची पाकिटं. गॅलरीत उन्हाचा आणि दमटपणाचा त्रास होतो. पुण्याच्या कोरड्या हवेतून जाणाऱ्याला तो पहिल्या तासातच जाणवतो.
- दुर्बीण असेल तर ७×५० किंवा १०×५०. त्याहून जास्त मोठं करून दाखवणारी हातात स्थिर राहत नाही.
- ऑक्टोबर ते डिसेंबर रेनकोट. आपल्याकडे पाऊस संपतो तेव्हा तिथे ईशान्य मोसमी पाऊस सुरू असतो.
- रोख पैसे, थोडे सुटे.

ड्रोन अजिबात नाही. हा संरक्षित परिसर आहे. काय आत नेता येतं याची यादी नोंदणीच्या पानावर असते. निघण्याआधी ती पुन्हा वाचा, ती बदलते.

जाण्याआधी एक संध्याकाळ तयारीला द्या. टिळक रस्त्यावर टिळक स्मारक मंदिराच्या इमारतीत ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासूनची. आकाशाची आवड असलेल्या लोकांत बसलात की दहा लेख वाचून कळणार नाही ते कळतं.

७. उड्डाणाचा दिवस

इस्रो गॅलरीत पोचायची वेळ सांगते. त्याआधीच पोचा. पुलिकतवरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि ठरावीक वेळेनंतर वाहनं सोडत नाहीत. हिवाळ्यात त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उभे असतात. ते बघायला परतीच्या वाटेवर थांबा, जाताना नको.

आत बसल्यावर उलट्या मोजणीतली, शून्याच्या आधीची घोषणा नीट ऐका. प्रत्येक रॉकेटची सुरुवात वेगळी असते आणि ती माहीत नसली तर माणूस भलत्याच ठिकाणी बघतो. जीएसएलव्हीला बाजूला चार द्रव इंधनाचे स्ट्रॅप-ऑन, म्हणजे बाहेरून बांधलेले जादा बूस्टर असतात. ते शून्याच्या जवळपास पाच सेकंद आधीच पेटतात. मोजणी संपली नाही तरी खाली आग दिसते, तिला घाबरायचं कारण नाही. चारही नीट चालतात हे संगणकाने तपासलं की मगच मधला घन टप्पा पेटतो, कारण घन इंधन एकदा पेटलं की विझवता येत नाही. पीएसएलव्हीच्या एक्सएल प्रकारात सहा स्ट्रॅप-ऑन असतात. चार जमिनीवर पेटतात आणि उरलेले दोन सुमारे पंचवीस सेकंदांनी, हवेत. एलव्हीएम३ तर दोन प्रचंड घन बूस्टरच्या जोरावरच उठतं. त्याचं मधलं द्रव इंजिन जमिनीवर पेटतच नाही, जवळपास पावणेदोन मिनिटांनी वर जाऊन पेटतं. पांढऱ्या धुराचा जो जाड खांब फोटोत दिसतो तो घन इंधनाचा. द्रव इंजिनाची ज्वाला त्यामानाने स्वच्छ असते.

आधी झाडांच्या रेषेवर प्रकाश दिसतो. डोळ्याला न सोसणारा, पिवळट पांढरा. रॉकेट त्याच्यावर उभं राहून सरकायला लागतं आणि या सगळ्या वेळात आवाज काहीच नसतो. गॅलरीत लोक ओरडत असतात तेवढाच. मनात सेकंद मोजा. आवाज एका किलोमीटरला साधारण तीन सेकंद घेतो, तेव्हा जितके सेकंद मोजलेत त्यांना तीनने भागलं की उड्डाणाचा तळ तुमच्यापासून किती किलोमीटर आहे ते कळतं. मग आवाज येतो, आणि तो कानापेक्षा छातीत जास्त कळतो. पायरीवर ठेवलेला हात थरथरतो. लहान मुलं दचकतात, म्हणून त्यांना आधी सांगून ठेवा आणि तान्ह्या बाळाला नेऊ नका.

हे पहिलं मिनिट फोनच्या पडद्यात बघू नका. इस्रोचं थेट प्रक्षेपण तुमच्या फोनपेक्षा कितीतरी चांगलं चित्रण करतं आणि ते नंतर हवं तेव्हा बघता येतं. फोटो हवाच असेल तर फोन समोर टेकवून चालू ठेवा आणि डोळे वर ठेवा.

आकाश स्वच्छ असेल तर सव्वा मिनिटाच्या सुमारास पीएसएलव्हीचे स्ट्रॅप-ऑन सुटताना दुर्बिणीतून दिसू शकतात. ढग असतील तर काही सेकंदांतच रॉकेट दिसेनासं होतं, फक्त गडगडाट उरतो. त्यानंतर उठून जाऊ नका. खरी परीक्षा पुढेच असते. पडद्यावर ठरलेल्या मार्गाची रेषा आणि प्रत्यक्ष मार्गाचा ठिपका दाखवतात. ठिपका रेषेवर आहे तोवर सगळं ठीक. एकेक टप्पा सुटल्याची, उष्णताकवच गळून पडल्याची घोषणा होते. पीएसएलव्हीला उपग्रह सोडायला साधारण सतरा-अठरा मिनिटं तरी लागतात, काही मोहिमांत तासाहून जास्त. शेवटी नियंत्रण कक्षातले लोक उठून हात मिळवतात तो क्षण गॅलरीत बसून बघण्यासारखा असतो.

चाचणीचं उड्डाण मात्र पूर्ण डोळ्यांसमोर घडू शकतं. २१ ऑक्टोबर २०२३ ची टीव्ही-डी१ मोहीम सगळी मिळून नऊ मिनिटांच्या आसपासची होती. रॉकेट सुमारे बारा किलोमीटरवर गेलं, सुटका यंत्रणेने अंतराळवीरांची कुपी ओढून बाजूला नेली, पॅराशूट उघडली आणि कुपी किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटरवर समुद्रात उतरली. अशा मालिकेतलं पुढचं उड्डाण जाहीर झालं आणि रजेची अडचण नसेल, तर मी म्हणेन की तेच धरा.

८. उड्डाण थांबलं तर

त्याच टीव्ही-डी१ च्या सकाळी ठरलेली वेळ आठची होती. हवामानामुळे ती पुढे सरकली, मग मोजणी शून्याला पाच सेकंद उरले असताना संगणकाने थांबवली. लोक उठायला लागले. कारण सापडलं, पुन्हा मोजणी झाली आणि दहा वाजता यान उडालं. म्हणून नियम असा: ‘होल्ड’, म्हणजे मोजणी थांबवली, असं ऐकल्यावर जागा सोडायची नाही. ‘आजचं उड्डाण रद्द’ असं अधिकृतपणे सांगेपर्यंत बसून राहायचं.

थांबण्याची कारणं तऱ्हेतऱ्हेची असतात. स्पेडेक्सची वेळ रात्री ९.५८ वरून १० वर गेली, कारण कक्षेत इतर उपग्रह फार जवळ येत होते. युरोपच्या प्रोबा-३ उपग्रहांना घेऊन जाणारं पीएसएलव्ही-सी५९ हे ४ डिसेंबर २०२४ ला दुपारी ४.०८ ला उडणार होतं. तासाभरापेक्षा कमी वेळ उरला असताना उपग्रहात दोष दिसला आणि ते दुसऱ्या दिवशी ४.०४ ला गेलं. चांद्रयान-२ तर ५६ मिनिटं २४ सेकंद उरलेले असताना थांबवलं आणि आठवड्याने, २२ जुलैला, गेलं. यावरून मुक्कामाचा हिशोब करा: ठरलेल्या दिवसानंतर किमान दोन दिवस मोकळे ठेवा. आठवड्याने पुढे गेलं तर मात्र परत या, थांबून उपयोग नाही. पुढच्या तारखेला तोच पास चालेल की नव्याने नोंदणी करायची, हे नोंदणीच्या पानावर जाहीर होतं, गृहीत धरू नका.

मोकळा दिवस मिळालाच तर सुल्लुरपेट्यातलं चेंगलम्मा देवीचं देऊळ बघा. उड्डाणाआधी इस्रोचे अध्यक्ष तिथे दर्शनाला जातात. जवळच नेलपट्टूचं पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात तिथे झाडांवर पेलिकन विणीला येतात.

पास मिळालाच नाही तर पुलिकतच्या काठावरून, सुल्लुरपेट्याच्या बाहेरच्या मोकळ्या माळावरून रॉकेट वर चढताना चांगलं दिसतं, आवाजही येतो. स्वच्छ हवेत चेन्नईच्या गच्च्यांवरूनही लोक बघतात. पोलिस जिथे थांबवतील तिथेच थांबा, सरोवरात होडीने पुढे जायचा मोह नको.

आणखी एक गोष्ट सोबतच्या मुलांना आधीच सांगा. गॅलरीतून सुरेख उठलेलं उड्डाणही पुढे फसू शकतं. १८ मे २०२५ ला पीएसएलव्ही-सी६१ चे पहिले दोन टप्पे व्यवस्थित चालले, तिसऱ्या टप्प्यात दाब उतरला आणि ईओएस-०९ हा उपग्रह गमावला. तोवर रॉकेट नजरेआड झालेलं असतं, त्यामुळे ते फक्त पडद्यावरच्या रेषेवरून आणि नियंत्रण कक्षातल्या शांततेवरून कळतं. अशा वेळी अध्यक्ष बोलायला उभे राहतात. ते काय म्हणतात ते ऐका आणि तेवढंच पुढे सांगा, सोसायटीच्या ग्रुपवर तर्क पाठवू नका.

परतताना सगळी गॅलरी एकदम रस्त्यावर येते. घाई नसेल तर तासभर संग्रहालयात काढा. सुल्लुरपेट्याहून चेन्नईला जाणारी उड्डाणानंतरची पहिली लोकल दारापर्यंत भरलेली असते, म्हणून परतीचं पुढचं तिकीट त्या लोकलच्या भरवशावर काढू नका. दुसरी धरता येईल एवढं अंतर ठेवा.